चितार ओळीतला नमुना

श्रावण लागला की नागपूरच्या महालातल्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, माझी रोज संध्याकाळची फेरी असते. तणस मिसळलेल्या ओल्या मातीचा वास बडकस चौक सोडला की येऊ लागतो. परवा एका गणेश मंडळाचा पोरगा म्हाताऱ्या मूर्तिकारासमोर मोबाईल धरून उभा होता. पडद्यावर सिनेमातला नायक. "काका, दंड असे पाहिजेत, छातीबी अशीच." काकांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि म्हणाले, "करून देतो न जी."

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला झेनोफनीज आठवला. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जन्मलेला हा ग्रीक कवी-विचारवंत. इथिओपियाच्या लोकांचे देव काळे नि नकटे, थ्रेसवाल्यांचे निळ्या डोळ्यांचे. बैलांना हात असते तर त्यांनी बैलासारखेच देव काढले असते, असं तो म्हणे. देव नाहीच, असं त्याचं म्हणणं नव्हतं. देव एक आहे, पण देहानं किंवा बुद्धीनं तो आपल्यासारखा नाही, एवढाच त्याचा आग्रह.

त्याची बैलाची कोपरखळी मात्र महालात लागू पडत नाही. इथं माणूसच बैलाला ओवाळतो, आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा मागतात. गणपतीचं हत्तीचं मस्तकही हेच सांगतं, की हा आपल्यासारखा नाही. त्याला नायकाचे दंड चिकटवले की ते सांगणंच पुसलं जातं.

ॲरिस्टॉटलचा देव स्वतः न हलता जगाला हलवतो, पण तो कुणाचं गाऱ्हाणं ऐकत नाही. मला तो कधी जवळचा वाटला नाही. प्लेटोचा वाटतो. 'तिमायस' या संवादात त्यानं देवाला कारागीर म्हटलंय. हा कारागीर शून्यातून काही निर्माण करत नाही. समोरच्या विस्कळीत द्रव्याला आकार देतो, तोही कधी न बदलणाऱ्या नमुन्याकडे पाहून. नमुना नाशवंत असेल तर घडलेली वस्तू सुंदर होत नाही, असं प्लेटो स्पष्ट सांगतो.

काका एरवी कशाकडेच पाहत नाहीत. सोंडेचं वळण बोटांना पाठ आहे. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते हात थांबवून पुन्हा पुन्हा मोबाईलकडे बघत होते.

मूर्ती अजून ओल्या आहेत. मंडळाच्या पोरांनो, ओळीत जाल तेव्हा मोबाईल खिशात ठेवा आणि काकांना त्यांच्या मनातला गणपती करू द्या.