नकलेचा शिक्का

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. संध्याकाळी फिरायला निघालो की कोपऱ्यावरचे एक गृहस्थ गॅरेज उघडं टाकून गाडी पुसत बसलेले दिसायचे. लाल रंगाची, उघड्या टपाची, दोनच माणसांची छोटीशी गाडी. अशा गाडीला रोडस्टर म्हणतात, ही नातवाने पुरवलेली माहिती. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत मी एकदा ब्रिटिश एमजी पाहिली होती. ज्ञान पाजळायची खोड जुनीच! म्हणालो, "छान आहे हो तुमची एमजी."

ते हसले. "ही डॅटसन आहे. जपानी."

"अच्छा, म्हणजे एमजीची नक्कल!" मास्तर बोलून गेले.

त्यांना याची सवय असावी. कपडा बाजूला ठेवून त्यांनी शांतपणे दोन तारखा सांगितल्या. या घराण्यातली फेअरलेडी १५०० ही गाडी टोकियोच्या प्रदर्शनात मांडली गेली १९६१ साली. जिची ती नक्कल म्हणून सगळे म्हणतात, ती एमजीबी बाजारात आली १९६२ साली. आता कोणी कोणाची नक्कल केली, तुम्हीच सांगा!

घरी येऊन नातवाला कामाला लावलं आणि बरंच वाचलं. निसानने १९५२ साली ब्रिटनच्या ऑस्टिन कंपनीशी रीतसर करार केला होता. सुरुवातीला तिकडच्या भागांतून गाड्या जुळवायच्या, मग हळूहळू ते भाग स्वतः बनवायचे. म्हणजे इंग्रजांकडून ते शिकले हे खरंच, पण फी भरून, उघडपणे शिकले. कित्ता गिरवल्याशिवाय अक्षर कोणाचं वळणदार झालंय?

आणि कित्त्यावर ते थांबले नाहीत. मे १९६३ मध्ये सुझुका इथे पहिली जपानी ग्रां प्री झाली. तिथे आपल्या गटात फेअरलेडी १५०० पहिली आली. चालक होते गेनइचिरो ताहारा. मागे पडलेल्यांत एमजी आणि ट्रायम्फ या इंग्रज गाड्याही होत्या. गुरूची विद्या गुरूला! पुढे १९६७ साली फेअरलेडी २००० आली. १९८२ सीसीचं इंजिन, पाच गिअर, आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. त्याच वर्षीच्या जपानी ग्रां प्रीत आपल्या गटातले पहिले तिन्ही क्रमांक तिने घेतले. १९६८ च्या माँटे कार्लो रॅलीत फिनलंडच्या हानू मिक्कोलाने ती नववी आणली. १९७० साली तिचं उत्पादन थांबलं. शेजारच्या गृहस्थांची गाडी ती हीच.

नावाची गंमत ऐका. निसानचे अध्यक्ष कावामाता यांनी अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक पाहिलं, त्यावरून फेअरलेडी. ते नाटक ज्या शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून झालं, त्यावरूनच आपल्या पु.लं.नी १९७५ साली 'ती फुलराणी' केलं. ती फुलवालीही दुसऱ्याचे उच्चार घोकूनच शिकते. पण शेवटी स्वतःच्या मनातलं बोलते, तेव्हा शिकवणाऱ्यालाच निरुत्तर करते. तिला आपण नकलाकार म्हणतो का?

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र वेगळं आहे, मंडळी. त्या गॅरेजसमोर उभा असताना मला १९८४ सालचा नववीचा वर्ग आठवला. एका मुलाने पावसावर फार सुंदर निबंध लिहिला होता. एरवी जेमतेम पास होणारा मुलगा. मी भर वर्गात विचारलं, "कुठल्या गाइडातून उतरवलास?" तो खाली मान घालून उभा राहिला. मी वहीवर लाल शाईने 'नक्कल' असं लिहिलं. गाइड मात्र एकही उघडून पाहिलं नाही.

आठ दिवसांनी तो शिक्षकांच्या खोलीत आला आणि न बोलता कच्ची वही माझ्यापुढे ठेवली. तोच निबंध तीनदा लिहिलेला, खोडलेला, पुन्हा लिहिलेला. मी तो शेरा खोडला, गुण वाढवले आणि त्याला "जा" म्हणालो. आरोप चाळीस मुलांसमोर, दुरुस्ती बंद दाराआड! त्यानंतर वर्षभर त्याचे निबंध दहा ओळींच्या पुढे गेले नाहीत.

माझं मत एवढंच आहे. दुबळ्याकडून चांगलं काही आलं की 'कुठून उचललं' असं आपण पटकन म्हणतो. काल जपान्यांना म्हटलं, आज चिनी वस्तू पाहून म्हणतो. खरी उचलेगिरी असतेही, नाही असं नाही. पण तसं म्हणण्याआधी तारीख पाहावी, कच्ची वही मागावी. आणि आपण चुकलो असू, तर जितक्या लोकांसमोर बोललो तितक्यांसमोरच ते कबूल करावं.

फेअरलेडीला निदान शर्यतीचं मैदान तरी मिळालं. त्या मुलाला माझा वर्गच मैदान होता, आणि तो मी बंद केला.

त्या वर्गातली काही मुलं हा ब्लॉग वाचतात, हे मला ठाऊक आहे. तो निबंध त्याचा स्वतःचा होता. हे तेव्हाच फळ्यासमोर उभं राहून सांगायला हवं होतं. त्याचा पत्ता कुणाकडे असेल, तर मला जरूर कळवा.