हात नाही, की तार नाही?

मराठी समीक्षेत ‘तार’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कवी वाचकाच्या हृदयाची तार छेडतो, कथाकाराची आपल्या पात्रांशी तार जुळते, आणि प्रस्तावनाकारांना तर पानोपानी काहीतरी झंकारल्याचे ऐकू येते. ही तार पोलादाची की पितळेची, केवढ्या जाडीची, किती ताणलेली, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही विचारू इच्छितो. साहित्याच्या अभ्यासकांपुढे गिटारच्या तारांचा विषय काढणे काहींना विक्षिप्तपणाचे वाटेल. वाटो.

मुरुड म्हटले की पुण्यामुंबईच्या वाचकाला समुद्र आणि जंजिरा दिसतो. आमचे मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे. तिथली तार खाऱ्या हवेने गंजत असेल. इथली बोटांच्या घामाने आणि धुळीने मरते. एखादा मुलगा हौसेने गिटार घेतो. दोन महिने बोटे सोलवटतात, ‘एफ’चा कॉर्ड काही केल्या वाजत नाही, आणि वर्षाच्या आत वाद्य कपाटावर जाते. मग निकाल लागतो : ‘त्याला हात नाही’, ‘त्याला कान नाही’. आमचा आक्षेप या निकालावर आहे. कपाटावरची ती गिटार खाली काढून तिच्या तारा कोणी पाहिल्या आहेत काय?

आम्ही अशा काही गिटारी पाहिल्या. एकीवर नायलॉनच्या तारा असायला हव्या होत्या. कोणीतरी पोलादी तारा चढवून दिल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोंचा असतो; पोलादी ‘बारा’च्या सेटचा ७० किलोंच्या पुढे जातो. हलक्या लाकडाचे ते वाद्य हा भार कसे सोसणार? त्याचा ब्रिज, म्हणजे आपल्या सतारीची घोडी, पोटावरून उखडत आला होता. दुसऱ्या गिटारीवर तारा विकत घेतल्या दिवसापासून त्याच होत्या. गंजलेल्या, मळलेल्या तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही. ती मोकळी वाजवली तर सुरात लागते, पण वरच्या पडद्यांवर दाबली की बेसूर होते. मुलगा म्हणत होता, ‘माझ्या कानाला खटकतंय’. त्याचा कान खरा होता, तार खोटी होती. आणि आम्ही सगळे त्याच्या कानाला दोष देत होतो!

यावर तीन उत्तरे ठरलेली आहेत.

पहिले शुद्धतावाद्यांचे : गिटार परकीय, तिची एवढी चिंता कशाला? हार्मोनियम आणि व्हायोलिन परकीयच होती, हे आम्ही सांगायला नको. शिवाय तारेची निवड ही इथलीच जुनी विद्या आहे. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या कारागिरांना ‘कोणतीही तार द्या’ असे सांगून पाहावे. तानपुऱ्याची जोड पोलादी, खर्ज पितळेचा. गायकाचा तानपुरा वेगळा, गायिकेचा वेगळा, आणि त्यानुसार तारांची जाडीही वेगळी.

दुसरे उत्तर पैसेवाल्यांचे : महागातल्या तारा घ्या म्हणजे झाले. महाग तार चुकीच्या वाद्यावर चुकीचीच ठरते. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप चुंबकीय असते. त्याला लोह लागते. म्हणून तिथे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी वेष्टनाच्या तारा लावतात. त्यावर नायलॉनची कितीही उंची तार लावा, पिकअपला ती ऐकूच येणार नाही. अकुस्टिकच्या जाड तारांवर ब्राँझचे वेष्टन असते. ते लाकडी पोटातून घुमायला उत्तम, पिकअपच्या लेखी जवळजवळ मुके.

तिसरे उत्तर सर्वांत घातक, कारण ते आमच्याच, म्हणजे साहित्यिकांच्या, गोटातून येते : खरा कलावंत कशावरही वाजवतो, गोंधळ्याचे तुणतुणे पाहा, एका तारेवर रात्र जागवते! होय, जागवते. पण ती एक तार गाणाऱ्याच्या पट्टीशी मिळवलेली असते, आणि उतरली की गोंधळी खुंटी पिळून ती पुन्हा चढवतो. साधन थोडे असणे निराळे आणि साधन चुकीचे असणे निराळे. विसाव्या शतकातील थोर गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया आतड्याच्या तातीवर वाजवीत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांगली तात दुर्मीळ झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने तयार केलेल्या नायलॉनच्या तारांचा त्याने पुरस्कार केला. ‘खऱ्या कलावंता’ला तारेची एवढी फिकीर होती, आणि मुरुडच्या नवशिक्याने मात्र ती करू नये?

करायचे ते अवघडही नाही. आधी वाद्य कोणत्या तारेसाठी घडवले आहे ते पाहावे. पोलादी तारांच्या अकुस्टिकवर नवशिक्याने ‘दहा’ किंवा ‘अकरा’चा सेट लावावा, हा आकडा पहिल्या तारेची जाडी इंचाच्या हजारांशात सांगतो. इलेक्ट्रिकवर ‘नऊ’ पुरे. बारीक तारेचा नाद थोडा पातळ येतो, पण बोटे टिकतात, आणि बोटे टिकली तर मुलगा टिकतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, आणि रंग काळवंडला की सबंध सेट बदलावा.

आता वाचकांनी आपल्या वर्गाकडे पाहावे. ग्रंथालयात मूळ पुस्तक नाही, हाती परीक्षेपुरते गाइड आहे, त्यातली कविता चार मुद्द्यांत कापलेली आहे; आणि त्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याबद्दल आम्ही शिक्षक-खोलीत चहा पिता पिता म्हणतो, ‘या मुलांना अभिरुचीच नाही’. हा तोच निकाल आणि तोच अन्याय. प्रतिभेचा अभाव घोषित करण्याचा अधिकार ज्याने आधी तार तपासली त्यालाच आहे. आम्ही ती तपासली नव्हती, हे इथे कबूल करतो.

हृदयाच्या तारा छेडणाऱ्यांनी एकदा खऱ्या तारेला हात लावून पाहावा. बोट थोडे कापेल. कापू द्यावे.