लाइट (स्त्री.)

पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की पनवेलच्या घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं, 'लाइट गेली!' 'विद्युत गेली' म्हणणारा अजून कुणी भेटलेला नाही. खरं तर 'विद्युत' हा शब्द इथे परका नाही. १९१५ साली जवळच खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, १९६० साली विद्युत मंडळ आलं, आणि महावितरणच्या पूर्ण नावातही 'विद्युत' आहेच. पण समास सोडून एकट्याने उभं राहणं त्याला जमलेलं नाही. 'विद्युतेला', 'विद्युतेने' म्हणून पाहा, जीभ अडखळते.

फिनलंडमध्ये तारेतल्या विजेला जिभेवर रुळणारं नाव देण्याचा प्रश्न १८४५ साली सामुएल रूस यांनी सोडवला. ठिणगी आणि फुत्कार सुचवणाऱ्या तिकडच्याच क्रियापदांवरून त्यांनी 'सॅह्क्यो' हा शब्द घडवला. आकाशातली वीज तिथे 'सालामा', तारेतली 'सॅह्क्यो'. फिनिशमध्ये विभक्ती पंधरा. हा नवा शब्द त्या सगळ्यांत घरच्यासारखा चालतो. शास्त्रज्ञांचा शब्द तो, पण बिल भरणाराही तोच वापरतो.

आपण मात्र आकाशातल्या विजेचंच नाव तारेला दिलं. मग लोकांनी, कुठलीही समिती न नेमता, वाटणी करून टाकली. शेतात पडते ती वीज, घरातून जाते ती लाइट. इंग्रजी शब्द घेतला, पण त्याला स्त्रीलिंग दिलं, बहुधा विजेकडूनच. खांबही 'लाइटीचा' झाला, म्हणजे सामान्यरूपसुद्धा पक्कं मराठी. गंमत अशी की छताला टांगलेला लाइट पुल्लिंगी, कारण तो दिव्याच्या जागी आला. पुण्याकडे 'लाइट गेले' म्हणतात, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

परिभाषा ठरवणारे मात्र शब्दाची व्युत्पत्ती तपासतात, संस्कृत धातू तपासतात. 'तरंगलांबी'सारखा संस्कृत-मराठी जोड बेधडक जुळवणारेही त्यांच्यातच होते, आणि तो शब्द रुळला. मग कोशात घेण्याआधी प्रत्येक शब्दाला 'ला', 'ने', 'चा' लावून एकदा मोठ्याने म्हणून पाहायला काय हरकत आहे? आणि पुढच्या आवृत्तीत 'विद्युत'च्या शेजारी 'लाइट (स्त्री.)' छापायलाही.