उघड्या टेबलावरची भाकरी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि एका तरुण कार्यकर्त्याने सर्वांदेखत आम्हाला विचारले, "काका, तुम्ही म्हणे जर्मनीत बिअरच्या बागेत जाऊन बसला होता? मग आम्हाला दारूबंदीवर भाषणे कशाला देता?" बायकांच्या बाजूने हसण्याचा आवाज आला. त्यात आमच्या सौ.चाही आवाज होता.

खरे आहे. बसलो होतो. चांगले तीन तास बसलो होतो. गाव म्युनिक, बागेचे नाव हिर्शगार्टन. आम्ही स्वतः काय प्यालो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचता येईल. सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात, त्याला ते लोक आप्फेलशोर्ले म्हणतात. तेवढेच. पाचवे शील जसे नेले तसे परत आणले आहे.

आमची भाची तिकडे नोकरीला आहे. तिकिटे तिनेच काढली. कारकुनाच्या पगारात म्युनिक बसत नाही. एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "मामी, डबा करा. आज बाहेर जेवायला जायचंय." सौ. म्हणाल्या, "अगं, बाहेर जेवायला जायचं तर डबा कशाला?" भाची म्हणाली, "तिथं डबा नेतातच. कायदाच आहे तसा." आम्हाला वाटले पोरगी थट्टा करते. पण सौ.नी सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, जवसाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेतला, चार कांदे टाकले आणि आम्ही निघालो.

आता हा कायदा काय ते पाहा. बव्हेरिया प्रांतात १५३९ पासून नियम होता की बिअर गाळायची ती फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत आणि उष्ण्याने बिअरही बिघडे. मग उन्हाळ्याची बिअर आधीच करून ठेवायची, तर ती गार कुठे ठेवणार? म्हणून भट्टीवाल्यांनी तळघरे खणली, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ तोडून आत भरला, वर वाळू-खडी पसरली आणि सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावली. या झाडाची मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे तळघराच्या छताला धोका नाही. पाने मात्र पंजाएवढी मोठी. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात म्युनिकमध्येच गारवा करणारे यंत्र बनवले आणि तळघरांची गरज संपली. सावली तेवढी राहिली.

त्या सावलीत लोक येऊन बसू लागले. भट्टीवाले तिथेच बिअर विकू लागले. मग गावातले खानावळवाले ओरडले, आमच्या पोटावर पाय येतो! राजा माक्सिमिलियन योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोड काढली. भट्टीवाल्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या तळघरावर बिअर विकावी, सोबत पाव द्यावा, पण दुसरे जेवण देऊ नये. झाले! जेवण मिळणार नाही म्हणून लोक घरून डबा आणू लागले. म्हणजे गिऱ्हाइकाला डबा आणायची जी मुभा मिळाली ती दोन व्यापाऱ्यांच्या भांडणातून मिळाली. आज त्या बागांत सगळे जेवण विकत मिळते, तरी डब्याची रीत टिकली आहे. पेय मात्र तिथलेच घ्यावे लागते.

खूण सोपी आहे. ज्या टेबलावर कापड अंथरलेले आहे तिथे वाढपी येतो, तिथे डबा उघडायचा नाही. ज्या टेबलाला कापड नाही, नुसत्या फळ्या आहेत, तिथे कोणीही यावे, आपले सोडावे, खावे.

हिर्शगार्टनमध्ये सुमारे आठ हजार माणसे बसतात. हिर्श म्हणजे हरीण. १७८० मध्ये तिथल्या राज्यकर्त्याने, कार्ल थिओडोरने, शिकारीसाठी हे हरणांचे रान केले. आजही कुंपणात हरणे आहेत. शिकारी मात्र गेले आणि त्यांच्या जागी पोरेबाळे, म्हाताऱ्या, सायकली. तिथली एक गोष्ट आम्ही विसरणार नाही. काचेचे जाडजूड मग फळ्यांवर मांडून ठेवलेले असतात. आपण जायचे, एक उचलायचा, बाजूच्या हौदाच्या पाण्यात आपणच विसळायचा आणि भरून घ्यायला रांगेत उभे राहायचे. आमच्या पुढे एक सुटाबुटातले गृहस्थ होते, मागे अंगावर चुन्याचे डाग असलेला एक मजूर. सगळ्यांचे हात त्याच पाण्यात. हौद म्हटला की आपल्या माणसाचे मन कुठे जाते हे सांगायला नको.

जावईबापूंनी एक मास घेतला. मास म्हणजे बरोबर एक लिटर. किंमत ऐकून आम्ही मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसलो. हजाराच्या घरात जाते. सोनेरी रंग, वर चार बोटे फेस. खोटे कशाला बोला, वास वाईट नव्हता. भाजलेल्या धान्यासारखा होता. त्यांनी तो एक मग दोन तास पुरवला. घोट घेणार, बोलणार, खाणार. आपल्याकडे गुत्त्यावर माणूस उभ्याउभ्या, मान खाली घालून, चोरासारखा ओततो आणि पगाराचे पाकीट तिथेच सोडून येतो. ते पाहून पाहून डोळे शिणलेल्या माणसाला हे बसणे वेगळे वाटले, एवढेच म्हणतो. सगळेच तिथे शहाणे असतात असेही नाही. उठताना दोघे-तिघे झुलत चाललेले आम्ही पाहिले. आणि सोळाव्या वर्षी पोराला बिअर विकत घ्यायची कायद्याने मुभा आहे, हे तर आम्हाला मुळीच पटले नाही.

खाणे मात्र आमच्या मनात भरले. बव्हेरियातले लोक त्याला ब्रोटत्साइट म्हणतात. शब्दशः पावाची वेळ, आपल्या भाषेत भाकरीची वेळ. हाताएवढ्या मोठ्या ब्रेत्सेल, बाहेरून तपकिरी, वर जाड मीठ. काठीला टोचून निखाऱ्यांशेजारी उभे भाजलेले मासे, आपल्या बांगड्याच्या जातीचे. आणि ओबात्स्दा. जास्त पिकलेले चीज टाकून न देता त्यात लोणी, तिखटपूड, कांदा घालून कुस्करतात. आपण शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो, तीच अक्कल. कातारिना आइझेनराइख नावाच्या खानावळवाल्या बाईंनी १९२० च्या दशकात तो नावारूपाला आणला. २०१५ पासून युरोपात त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. गरिबाघरच्या कुस्कऱ्याला सरकारी शिक्का!

आमच्या बाकावर जागा होती. एक म्हातारे जोडपे आले, "इथे रिकामे आहे का?" एवढे विचारले आणि बसले. ओळख नाही, देख नाही. आजीबाईंनी पिशवीतून चौकटीचे कापड, पाव आणि एक भला मोठा पांढरा मुळा काढला. चाकूने तो असा काही कापला की अखंड मुळ्याची स्प्रिंग झाली. मीठ चोळले आणि वाट पाहत बसल्या. भाचीने सांगितले, मुळा रडला पाहिजे म्हणतात, म्हणजे पाणी सुटले पाहिजे. मुळा रडला तसा आजीबाईंनी तो मध्ये सरकवला. सौ.नी घेतला आणि भाकरीचा चतकोर, त्यावर चटणी, असा त्यांच्या हातावर ठेवला. आजीबाईंनी खाल्ला. आजोबांनी ठेच्याला हात घातला तेव्हा आम्ही जावईबापूंना म्हटले, "अहो, सांगा त्यांना!" पण उशीर झाला होता. आजोबांचा मग त्या दिवशी लवकर संपला.

आम्ही हसत होतो, पण घास घशात थोडा अडकला. आमच्या कचेरीत एक लांब टेबल आहे. बारा वर्षे आम्ही त्यावर जेवतो. एक सहकारी आहेत. माणूस वाईट नाही, हिशेबात अडले तर धावून येतात. पण आम्ही डबा उघडला की त्यांना उपवास आठवतो. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आम्ही समजू शकतो. बुधवारीही?

जर्मनी म्हणजे स्वर्ग, असे कोणी समजू नये. त्याच देशात नाझी राजवटीत बागेतल्या बाकांवर ज्यूंनी बसू नये अशा पाट्या होत्या, खानावळींच्या दारांवरही होत्या. म्युनिकच्या बिअर धंद्यातले फार मोठे नाव योझेफ श्युलाइन हे ज्यू होते. त्यांची कंपनी १९२१ मध्ये लोवेनब्रॉयशी एक झाली. नाझी आल्यावर त्यांना बाजूला व्हावे लागले; १९३८ मध्ये ते वारले. ज्याने शहराला पाजले त्याच्याच समाजाला बाकावर जागा नाही. डाखाऊची छळछावणी १९३३ च्या मार्चमध्ये उघडली, ती म्युनिकपासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथेही जाऊन आलो. त्यावर पुढे स्वतंत्र लिहू. आज म्युनिकमध्ये एका चौकाला श्युलाइन यांचे नाव आहे.

म्हणून त्या नुसत्या फळ्यांच्या टेबलाची किंमत आम्हाला जास्त वाटते. आणि ते टेबल आपोआप टिकलेले नाही. १९९५ मध्ये शहराच्या दक्षिणेला वाल्डविर्टशाफ्ट नावाच्या बागेबद्दल शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि न्यायालयाने ती रात्री साडेनऊला बंद करायला लावली. त्या १२ मे रोजी वीस हजारांवर माणसे म्युनिकच्या रस्त्यावर उतरली! मोर्चे आम्ही आयुष्यभर काढले, पण बागेत जास्त वेळ बसायला मिळावे म्हणून निघालेला मोर्चा प्रथमच ऐकला. हसू नका. सरकारने घाईने नियम केला, तो वरच्या न्यायालयात टिकला नाही, मग २० एप्रिल १९९९ ला नवा नियम आला. वादन दहापर्यंत, विक्री साडेदहापर्यंत, अकराला बंद. त्या नियमाच्या कारणांत सरकारने लिहून ठेवले आहे की या बागांत सर्व थरांतले लोक एकत्र येतात आणि समाजातला उच्चनीच भेद ओलांडून मोकळेपणाने बसतात. जावईबापूंनी ते फोनवर काढून वाचून दाखवले. आम्ही दोनदा वाचायला लावले. सरकारी कागदावर असे वाक्य रोज कुठे सापडते?

निघताना आजीबाईंनी सौ.ना जवसाचे नाव विचारून चिठ्ठीवर लिहून घेतले. शेवटची अर्धी भाकरी आजोबांनी मागून घेतली, ठेच्याविना.

इकडे आल्यावर सौ.नी बाजारातून पांढरा मुळा आणला. तशी स्प्रिंग काही साधली नाही, चकत्याच झाल्या. मीठ लावून, चांगला रडवून, आम्ही तो डब्यात कचेरीत नेला आणि झाकण काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिघांनी हात घातला. चौथ्यांचा त्या दिवशीही उपवास होता. वार बुधवार.