परवानगी कोणाची?

बंदी घालायची तर इंग्रज सरकारला निदान कागद काढावा लागे. १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे प्रयोग बंद झाले ते रीतसर हुकूम काढून. त्याच वर्षी शिवरामपंत परांजप्यांच्या ‘काळ’कडे जबर जामीन मागितला गेला आणि पत्र बंद पडले. हुकमाखाली कोणाची तरी सही असे, जामिनाचा आकडा असे, आणि बडगा कशासाठी बसला हे बसलेल्याला ठाऊक असे.

त्या राजवटीचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. पण २०२५च्या फेब्रुवारीत तमिळ ‘विकटन’चे जे झाले ते पाहून ती सही आठवली. अमेरिकेने भारतीय स्थलांतरितांना बेड्या घालून परत पाठवले होते. त्यावर ‘विकटन’च्या डिजिटल साप्ताहिकाने ट्रम्प यांच्या शेजारी बेड्यांत बसलेल्या पंतप्रधानांचे व्यंगचित्र छापले. पाच दिवसांत अनेक वाचकांना ‘विकटन’चे संकेतस्थळच उघडेना. आक्षेप एका चित्राला, दार बंद झाले सगळ्या घराचे, आणि तेही आधी काही न कळवता. ६ मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळ पुन्हा सुरू करायला सांगितले, पण ते चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर.

याच ‘विकटन’च्या संपादकांना, एस. बालसुब्रमण्यन यांना, १९८७ साली मुखपृष्ठावरच्या एका विनोदासाठी तमिळनाडू विधानसभेने तीन महिन्यांची कैद ठोठावली होती. आमदार-मंत्र्यांची टिंगल झाली म्हणून. लोक असे खवळले की काही दिवसांतच त्यांना सोडावे लागले. संपादकाला पोलिसांच्या गाडीत घालून नेले की गाव बघते. संकेतस्थळ उघडले नाही तर वाचक आधी आपल्या फोनला आणि मग रेंजला शिव्या घालतो. आजच्या सेन्सॉरची खरी सोय इथेच आहे.

या गुपचूपपणाला कायद्याचा आधार आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली सरकार मजकूर बंद करते, आणि त्यासाठीच्या २००९च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की आलेली तक्रार आणि तिच्यावरची कारवाई काटेकोरपणे गुप्त ठेवायची. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यातले ६६-अ हे कलम रद्द केले. फेसबुकवरच्या मजकुरासाठी पालघरच्या दोन मुलींना पकडले गेले होते ते याच कलमाखाली. ६९-अ मात्र शाबूत राहिले. त्यात कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यांना आव्हान देता येते, म्हणून. कारण बघायलाच मिळाले नाही तर आव्हान द्यायचे कशाला, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरवणाऱ्या केंद्राच्याच ‘फॅक्ट चेक युनिट’चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द ठरवला, तेवढाच दिलासा. तोही दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना म्हणून तिसऱ्यांकडे गेल्यावर.

सगळे खापर सरकारवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. छापलेला मजकूर वाचकापर्यंत पोचू न देण्याचे काम आम्ही लेखक-प्रकाशक मंडळीही करत असतो. कोणावर राग नसताना, अगदी कायदेशीर.

र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ घ्या. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनी ते मासिक जवळजवळ एकट्याने चालवले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्वे १९५३ साली गेले आणि त्यांच्या लेखनावरचा प्रताधिकार पुढची साठ वर्षे, २०१३ संपेपर्यंत, जिवंत राहिला. त्यांना मूलबाळ नव्हते. ज्या माणसाला आपले म्हणणे घरोघर पोचावे यापलीकडे काही नको होते, त्याचा लेख पुन्हा छापायला साठ वर्षे परवानगी लागणार होती. ही मुदत आधी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क संपत आला तेव्हा १९९२ साली ती दहा वर्षांनी वाढवली गेली. तो हक्क ज्यांच्याकडे होता त्या विश्वभारतीची सोय झाली. त्यात कर्वेही अडकले, आणि इतर हजारो.

आमच्याच कपाटातल्या जुन्या अंकांची गत निराळी नाही. सत्तरच्या दशकातली एक कथा पुन्हा छापावी असे फार मनात आहे. लेखकाला पाठवलेल्या मनीऑर्डरची पावती सापडली. तिच्यावरचा पत्ता दादरच्या एका चाळीचा, आणि तिथे आता टॉवर उभा आहे. कायद्यात अशा बेवारस लेखनासाठी ३१-अ कलम आहे. लेखक हयात नसेल किंवा सापडत नसेल तर परवाना मागता येतो. पण आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एखाद्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. दादरच्या चाळीतला मराठी वारस शोधायला इंग्रजी जाहिरात! तिच्या खर्चात आमच्या दोन अंकांचे मानधन निघेल.

म्हणून यंदा आम्ही लेखकांना एक वेगळे पत्र पाठवले. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून जगभर वापरात आहेत. त्यात लेखकाचा हक्क लेखकाकडेच राहतो. आम्ही निवडलेल्या प्रकारात तो फक्त आधीच लिहून देतो की माझे नाव द्या आणि मग खुशाल छापा, भाषांतर करा, त्यावर काही नवे रचले तर तेही असेच खुले ठेवा. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड अशाच परवान्याखाली मोकळे केले. मराठीत असे धाडस संस्थांनी क्वचितच केले, हे नमूद करायला हरकत नसावी.

परवान्याने अटक टळत नाही आणि बंदीचा हुकूमही थांबत नाही. पण जो लेख एकाच सर्व्हरवर आहे तो एका कळीने नाहीसा होतो. वीस वाचनालयांत, दोन भाषांतरांत आणि कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर ज्याच्या हक्काच्या प्रती आहेत, तो शोधून शोधून पुसावा लागतो.

पत्राला आलेली उत्तरे वाचण्यासारखी होती. काहींनी विचारले, फुकट वाटणार असाल तर मानधन कशाचे? मानधन नेहमीचेच आहे आणि ते आधीच दिले आहे. शिवाय अंक स्टॉलवर लागल्याच्या आठवड्यात त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, हे लेखकांनाही ठाऊक आहे. आज ती चोरून फिरते आणि निम्म्या वेळा लेखकाचे नाव कापून. एका कवयित्रीने विचारले की आमच्या कविता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना खाऊ घालायच्या का? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. खुल्या परवान्याने ते थांबत नाही, आणि ‘सर्व हक्क राखीव’ छापूनही थांबलेले दिसत नाही. त्यांनी तरी सही केली.

एका ज्येष्ठ कथाकारांनी मात्र साफ नकार दिला. उद्या माझ्या कथेवर कोणी मालिका काढली तर मला विचारावे लागले पाहिजे, असे ते म्हणाले. ज्याचे घर लेखणीवर चालते त्याने असेच म्हणावे. त्यांच्या कथेखाली नेहमीची हक्काची ओळ आहे. बाकी बहुतेक लेखनाखाली परवान्याची खूण दिसेल. तो मजकूर अंक विकला जाईपर्यंत थांबून, संक्रांतीनंतर, कोणालाही उतरवून घेता येईल.

शेवटच्या पानावर जुन्या अंकांतल्या ज्या लेखकांचा वा वारसांचा पत्ता लागला नाही, त्यांची नावे दिली आहेत. कोणी ओळखीचे निघाले तर कार्यालयात फोन करा. दुपारी चारपर्यंत कोणी ना कोणी असते.