कॅमेरा शोकेसमध्ये, निगेटिव्ह भंगारात

हल्ली आपल्या मित्रमंडळींत एक नवी हौस दिसते. कुणाच्या तरी कपाटातून आजोबांचा कॅमेरा निघतो. त्याला पुसून-बिसून शोकेसमध्ये ठेवतात, मग मोबाईलने त्याचा फोटो काढतात आणि खाली लिहितात, 'आठवणी'. या हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही, जुने कॅमेरे दिसतात छानच. पण जुन्या कॅमेऱ्यात एकही आठवण नसते. रोल काढला की तो रिकामा डबा. आठवण असते निगेटिव्हवर, आणि नेमकी तीच आपण फेकत चाललो आहोत.

मी पांढुर्णा-सौंसर भागातली. आमच्याकडे स्वतःचा कॅमेरा असलेली घरं मोजकी होती. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक-थ्री तेव्हा देशभर खपायचा. त्यात एका रोलवर फक्त १२ फोटो निघत. फिल्मसुद्धा देशात बनत होती. १९६० मध्ये स्थापन झालेली उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाने ती विकायची. बाकी सगळ्यांसाठी गावातला फोटो स्टुडिओ होता. साक्षगंध, बारसं, परीक्षेच्या फॉर्मचा पासपोर्ट साईज, मुलीचा स्थळासाठीचा फोटो, सगळं तिथेच. गिऱ्हाईक कॉपी घेऊन जायचं आणि निगेटिव्ह बहुतेक वेळा स्टुडिओतच राहायची, बटर पेपरच्या पाकिटात, वर नंबर टाकून. पुन्हा कॉपी काढायला माणूस परत येईल, एवढाच साधा हिशेब. पण त्या हिशेबापोटी अख्ख्या गावाचे चेहरे एका पेटीत जमा होत गेले. संग्रहालय काढायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप झालं.

मग डिजिटल आलं. गंमत अशी, की १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवून दाखवणारा स्टीव्हन सॅसन हा कोडॅकचाच इंजिनिअर होता, आणि २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळही कोडॅकवरच आली. उटीचा कारखानाही पुढे बंद पडला. गावातल्या स्टुडिओंनी झेरॉक्स आणि फ्लेक्स सुरू केले, लग्नात ड्रोन उडवायला लागले. पेटी मात्र अडगळ झाली. ब्लॅक-अँड-व्हाईट निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून ती निदान भंगारवाला तरी घेतो. रंगीत फिल्ममधली चांदी धुतानाच निघून जाते, रंग तेवढे उरतात. म्हणून ती थेट कचऱ्यात. जी घरात राहते ती पावसाळ्याच्या ओलीने एकमेकींना चिकटते, नाहीतर तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागतो. तो वास आला, म्हणजे फिल्म आतून सडायला लागली समजा.

यात एवढं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बाहेरच्यांना आमचं गाव कशामुळे माहीत आहे, ते आठवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. नदीत पळसाचं झाड रोवतात, एका बाजूला पांढुर्णा, दुसऱ्या बाजूला सावरगाव, आणि मधे दगड. त्या दिवशी कॅमेरे येतात, फुटलेली डोकी टिपतात आणि निघून जातात. वर्तमानपत्रांच्या संग्रहात आमचं गाव म्हणजे तेवढा एक दिवस. उरलेले ३६४ दिवस कुठे आहेत? तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन उभी राहिलेली पोरं, संत्र्याच्या बागेतलं कुटुंब, नवी सायकल धरून ताठ उभा राहिलेला बाप? ते सगळे त्या पेटीत आहेत.

दुसरं कारण सीमेचं. १९५६ मध्ये नागपूर मध्य प्रदेशातून बाहेर पडलं आणि छिंदवाडा जिल्हा तिथेच राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, अशी आमची तऱ्हा. सौंसरवरून जाणारी नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली. २०२३ मध्ये सौंसर तहसील धरून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, बोर्ड लागले. पण जिल्हा होण्याआधी इथली माणसं दिसायची कशी, हे कुठल्या सरकारी फाईलमध्ये नाही.

स्टुडिओच्या निगेटिव्ह म्हणजे इतिहास, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. आपल्याच राज्यातल्या नागदा या कारखान्याच्या गावी सुरेश पंजाबी यांचा सुहाग स्टुडिओ आहे. त्यांच्या जुन्या निगेटिव्हवरून मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर पिनी यांनी 'आर्टिसन कॅमेरा' हे पुस्तक केलं, ते २०१३ मध्ये तारा बुक्सने काढलं. नागद्याला जे जमलं, ते सौंसरला का जमू नये?

घाई आहे ती नावांची. मोबाईलच्या फोटोत तारीख असते, बरेचदा ठिकाणही. निगेटिव्हवर काहीच नसतं. एका स्टुडिओवाल्या काकांना मी विचारलं तर म्हणाले, "ठिवून काय करू बापा? जागाच अडते. नेतं त ने." त्यांनी दिलेल्या पिशवीत नंबर होते, नाव एकही नव्हतं. आजीने मात्र एक फोटो पाहताच सांगितलं, "हे तं बाजारातल्या शिंप्याची पोरगी होय. हिच्या साक्षगंधाले गेली होती मी." आजी ८१ वर्षांची आहे. आमच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची आणि गॉडफादर-गॉडमदरची नावं सगळं नीट लिहिलेलं असतं, पण चेहरा नसतो. स्टुडिओच्या पेटीत चेहरा आहे आणि नाव नाही. हे दोन्ही जुळवणारी माणसं अजून आहेत. ती गेल्यावर निगेटिव्ह वाचली काय आणि नाही वाचली काय, तो चेहरा कुणाचाच राहणार नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. ही लोकांची खासगी चित्रं आहेत. स्थळासाठी फोटो काढून घेणाऱ्या मुलीने तो इन्स्टाग्रामसाठी काढला नव्हता. म्हणून माझं मत असं, की आधी घरच्यांना शोधायचं, फोटो त्यांच्या हातात द्यायचा, आणि त्यांनी हो म्हटलं तरच पुढे दाखवायचा. 'व्हिंटेज' म्हणून रील करणं आणि भंगारात घालणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीत त्या माणसाला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, याला मशीन लागत नाही. एका मोबाईलचा स्क्रीन पांढरा करा, त्यावर ट्रेसिंग पेपर, त्यावर निगेटिव्ह. दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्या आणि रंग उलटे करा. निगेटिव्ह कडेने धरा, बोटं लावू नका. मग तो फोटो घेऊन गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि नाव, गाव, साल वहीत लिहा.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळातल्या प्रत्येकाने आपापल्या गावातल्या एका स्टुडिओत जावं, असं मी सुचवते. कॅमेरा मागू नका, पेटी कुठे आहे ते विचारा.