वृद्धाश्रमातला फोन कोण उचलतं?

वाढदिवस वृद्धाश्रमात साजरा करायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. केक, शाली, फळं, एक वेळचं जेवण आणि मग फेसबुकवर फोटो. हेतू चांगला असतो, संस्थेचाही एका जेवणाचा खर्च वाचतो, त्यामुळे मी टवाळी करणार नाही. (त्या फोटोतले आजी-आजोबांचे चेहरे मात्र एकदा नीट बघा. महिन्यातला तिसरा केक असतो आणि निम्म्यांना डायबेटिस.) माझी आत्या चार वर्षं सातारा रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमात आहे. मी महिन्यातून दोनदा जाते. तिथे बसून जे दिसतं ते असं, की अनोळखी माणसं गाड्या भरून येतात आणि स्वतःच्या माणसांचा फोन काही लागत नाही.

आता लगेच कुणीतरी लिहील, 'हल्लीची मुलंच नालायक.' नटसम्राटपासून बागबानपर्यंत आपण हेच बघून रडलोय. तशी मुलं असतात, नाही असं नाही. पण मी जी दहा-पंधरा कुटुंबं जवळून बघितली, त्यातल्या बहुतेकांचं नातं काही भांडून तुटलेलं नाही. रिचार्ज संपून तुटलंय. हसू नका, खरं सांगते. म्हातारीचा फोन कपाटात, चार्जर शेजारच्या खोलीत, आणि रिचार्जची मुदत संपल्यावर येणारे कॉलही काही दिवसांनी बंद. मुलगा तिकडून लावतो, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकतो, चार दिवसांनी परत लावतो, मग ऑफिसच्या नंबरवर. तिथे सांगतात, 'बऱ्या आहेत, जेवल्या, झोपल्यात.' झालं. महिना गेला.

दुसरी गोष्ट कानाची. वयानुसार ऐकू कमी येतं म्हणजे सगळं हळू ऐकू येतं असं नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे स, श, फ असले. त्यामुळे माणूस म्हणतो, 'आवाज येतो गं, पण कळत नाही.' त्यात फोन स्पीकरवर, हॉलमध्ये, आणि मागे टीव्हीवर मालिका सुरू. दोन वेळा 'काय? काय?' झालं की आजीच शरमते आणि म्हणते, 'हो हो, बरी आहे, ठेवते.' मुलाला वाटतं, आईला आता आपल्याशी बोलायचंच नसतं. कानातलं मशीन तेवढ्यात ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, सेल संपलेला.

आणि घड्याळ! आत्याचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे. उन्हाळ्यात तो सकाळी ८ ला फोन करतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. जेवण झालेलं, दिवे चालू, छान गप्पा होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं. तो त्याच्या ८ लाच करतो, इकडे साडेनऊ वाजलेले, दिवे बंद, शेजारच्या कॉटवरच्या काकू झोपलेल्या. आत्या फोन उचलत नाही. पहिल्या वर्षी मार्चपर्यंत हे असंच चाललं आणि दोघंही एकमेकांवर नाराज. उपाय काय होता? त्याने अर्धा तास लवकर उठायचं आणि आत्याने नऊ वाजेच्या सुमाराला फोन उशाशी ठेवायचा. एवढंच. पण हे दोघांना सांगायला मधे कुणी माणूसच नव्हता.

माझं म्हणणं या मधल्या माणसाबद्दल आहे. गोळ्या कोण देणार, आंघोळ कोण घालणार, हे वृद्धाश्रमात ठरलेलं असतं, वहीत सही असते. फोन लावून कोण देणार हे ठरलेलं नसतं. ज्या मावशींना वेळ असेल त्या देतात आणि मावशींना कधीच वेळ नसतो. बारा-बारा तासांची ड्यूटी, एकेकीकडे पंधरा-वीस जण. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. संस्थेनेच एका माणसाच्या कामात हे घालायला हवं. दिवसाचे दोन तास, एक शांत कोपरा, एक स्टँड, आणि वहीत नाव, वार, वेळ. फोन चार्ज आहे का, मशीनचा सेल बदलला का, हे त्यानेच बघायचं. महिन्याला पंधरा-वीस हजार भरणाऱ्या घरांनी प्रवेशाच्या वेळी एसी आहे का विचारावं, जरूर विचारावं, पण हेही विचारावं.

कायद्याकडून इथे फार अपेक्षा ठेवू नका. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात चरितार्थाची व्याख्या आहे: अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार. मुलगा पैसे देत नसेल तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पैसे वेळेवर येतात आणि माणूस येत नाही, याची तक्रार कुठल्या कलमात बसवणार? आणि बसवूही नये. न्यायाधिकरणाच्या आदेशाने येणारा फोन कुणाला हवाय? पण त्याच कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे, आणि तिथे कोणत्या सोयी हव्यात हे ठरवायचा अधिकार राज्याला आहे. त्या तरतुदीत वैद्यकीय सेवेबरोबर 'करमणुकीची साधनं' आहेत. टीव्ही लावला की करमणूक झाली. त्या टीव्हीपासून लांब एक खोली मात्र मिळत नाही.

आणखी एक अडचण फॉर्ममध्येच आहे. 'जबाबदार नातेवाईक' म्हणून एकच नाव असतं. पैशांसाठी, दवाखान्याच्या सहीसाठी ते बरोबर आहे. पण एका ठिकाणी (नाव सांगत नाही) एका आजोबांच्या भाच्याला गेटवरून परत पाठवलेलं मी पाहिलं, कारण मुलाची परवानगी नव्हती. आजोबा तिकडे व्हरांड्यात बसलेले. पूर्ण शुद्धीत. कुणाला भेटायचं हे त्यांना विचारा ना! म्हाताऱ्या माणसाचा गोतावळा म्हणजे फक्त मुलगा नसतो. भाचे, नणंदा, जुन्या चाळीतल्या शेजारणी, शाळेतले सहकारी, यांची यादी प्रवेशाच्या वेळी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावी.

त्या यादीतले बरेच जण स्वतः सत्तरी-पंच्याहत्तरीचे असतात, येऊ बघतात. २०२२ पासून ७५ च्या पुढे एसटी मोफत आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. छान सोय. पण वृद्धाश्रम असतो फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, जागा स्वस्त म्हणून, आणि भेटीची वेळ ४ ते ६. फाट्यावर उतरलेल्या ७८ वर्षांच्या बहिणीने आत कसं जायचं आणि साडेसहानंतर परतीची एसटी कुठे शोधायची? रविवारी संस्थेच्या गाडीने फाट्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि भेटीची वेळ सकाळी १० पासून ठेवली, तर जे फक्त फोनवर 'येते गं एकदा' म्हणतात ते खरंच येतील.

आता घरच्यांबद्दल. थोरली आत्या मिरजेला गेली तेव्हा घरात ठरलं, धाकटीला कळवायचं नाही, तिला सोसणार नाही. मला हे पटलं नव्हतं, तसं मी बोललेही, पण ठरलं ते ठरलं. दर मंगळवारी थोरलीचा फोन यायचा. 'तिचा फोन बिघडलाय' असं दोन महिने सांगितलं. शेवटी सांगितलं तेव्हा आत्या रडली नाही. म्हणाली, 'आणि मला वाटत होतं ती माझ्यावर रुसलीय.'

वाईट बातमी लपवून आपण त्यांना वाचवत नाही, घराबाहेर ठेवतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई आहे ती, तिने काय मरणं बघितली नसतील?

आणि आपण बोलतो तरी काय? जेवलीस का, गोळी घेतलीस का, झोप लागते का. हे नर्सचे प्रश्न झाले. त्याऐवजी तक्रार करा, सल्ला मागा. भाचेसुनेने गोड्या मसाल्याचं प्रमाण विचारायला फोन केला तर आत्या पाऊण तास बोलली, दगडफूल कुठून आणायचं यासकट. यंदाच्या लग्नात पत्रिकेत निमंत्रक म्हणून तिचं नाव छापलं आणि पत्रिका अक्षता लावून पोस्टाने पाठवली. तिने ती सगळ्या खोल्यांत फिरवली.

विसरभोळेपणा सुरू झाला असेल तर एक विनंती. व्हिडिओ कॉलवर 'ओळख पाहू मी कोण?' हा खेळ बंद करा. त्यांच्यासाठी ती परीक्षा असते आणि त्या दर वेळी नापास होतात. आधी स्वतःचं नाव सांगा, नातं सांगा, मग बोला. पाच मिनिटं पुरतात.

आत्याच्या संस्थेत फोनची वही आणि शांत कोपरा, या दोन गोष्टींचं पत्र मी विश्वस्तांना दिलंय, पुढच्या आठवड्यात भेट आहे. तुमचं माणूस जिथे आहे तिथे भेटीची वेळ काय, फाट्यावरून आत जायला काय मिळतं, फोन कोण लावून देतं, तेवढं कमेंटमध्ये लिहा. संस्थेचं नाव नको, तालुका पुरे. सगळं एकत्र करून त्या भेटीत पुढे ठेवते.